सेव्ह केलंय ढीगभर, सापडत काहीच नाही

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई कोल्हापूरकडच्या, चाळिशीच्या आसपासच्या, एका पतसंस्थेत अकाउंट्स बघतात. पत्राखाली त्यांनी स्वतःच 'एक साठेखोर' अशी सही केलीये, तर आपणही तेच नाव ठेवू. रात्री घरचं सगळं आवरलं की तासभर नेटवर भटकायचं ही त्यांची जुनी सवय. मुंबईचा जुना नकाशा, पूर्वी शाई कशी बनवायचे त्यावरचा लेख, गोव्याच्या बालशांवची (लोणच्यासारखा आंबट-तिखट पदार्थ) कुणाच्या तरी आजीची रेसिपी, जपानमधला कुलपं दुरुस्त करणारा म्हातारा, काहीही सापडतं आणि आवडलं की सेव्ह. ब्राउझरचे बुकमार्क, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेल्या लिंका, इन्स्टाचं सेव्ह्ड, यूट्यूबचं वॉच लेटर, स्क्रीनशॉट, आणि एक 'नंतर वाचा' छापाचं ॲप. ते ॲप बंद पडलं. बंद व्हायच्या आधी त्यांनी यादी उतरवून घेतली होती, पण ती उघडून बघितली तर कितीतरी लिंका मेलेल्या. त्यात एक दुखणं असं की "जात्यावरच्या ओव्यांचं एक रेकॉर्डिंग सापडलं होतं, अगदी माझ्या आजीच्या चालीतलं, सेव्ह केलं होतं हे नक्की आठवतंय पण कुठे ते नाही". मिस्टर म्हणतात भंगार गोळा करतेस (मिस्टरांना स्वतःला जुने रेडिओ दुरुस्त करायचा नाद आहे, हेही त्यांनी लिहिलंय). मुलगी विचारते, आई तू हे वाचणार कधी? तर प्रश्न असे, की कुठलं ॲप चांगलं, का सगळं डिलीट करून सवयच सोडून देऊ. आणि पत्र संपता संपता, "शिवाय हल्ली पूर्वीसारखं काही सापडतही नाही, सगळं एकाच छापाचं. आणि तसा उपयोग तरी काय याचा?"

प्रिय साठेखोर ताई,

आधी ओवीचं बघू, कारण ती बहुतेक सापडेल. जात्यावरच्या ओव्यांचं नेटवरचं सगळ्यात मोठं घबाड आहे 'पारी'वर, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, पत्रकार पी. साईनाथ यांनी 2014 मध्ये सुरू केलेली साईट. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघा अभ्यासकांनी गावोगाव बायकांकडून ओव्या लिहून घेतल्या, पुढे नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल नावाच्या फ्रेंच संगीत अभ्यासकाने त्यातल्या बऱ्याच टेपवर घेतल्या, आणि हा सगळा साठा आता एक लाखाच्या वर आहे. 2017 पासून पारीवर तो थोडा थोडा करून येतोय, मराठी शब्द, भाषांतर आणि ऑडिओसकट. मुळशीकडच्या बायकांच्या पुष्कळ आहेत, माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्यांचा तर वेगळाच गठ्ठा आहे. तुम्हाला चाल आठवतेय, चालीवरून शोधता येणार नाही, पण ओवीतले दोन शब्द आठवत असतील तर ते टाका, नाहीतर विषयावरून जा, म्हणजे आई, भाऊ, पंढरीची वाट, पाऊस असं. एखादी संध्याकाळ जाईल पण ती वाया गेली असं वाटणार नाही, खात्रीने सांगते.

आणि तिथे गेलात की एक काम करा, ओवी ऐकून झाल्यावर लगेच पुढच्या ओवीकडे पळू नका, पान खाली सरकवा. गाणाऱ्या बाईचं नाव असतं, गाव, तालुका, जिल्हा, वय, शिक्षण, मुलं किती, काम काय करते, रेकॉर्डिंग कधी झालं. बऱ्याच ठिकाणी फोटोही. खरं तर दळण संपलं की ओवीही संपायची, ती जपून ठेवायची गोष्ट आहे असं गाणारीला स्वतःलाही वाटलं नसणार, पुढे गावात गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. तरी ती आज आपल्याला सापडते, कारण कुणीतरी ती घेतानाच शेजारी लिहून ठेवलं की ही कुणाची, कुठली, कधीची. आता तुमची ती उतरवून घेतलेली यादी उघडा आणि त्यात काय आहे बघा. शीर्षक, लिंक, सेव्ह केल्याची तारीख. बास. तुम्हाला ते का आवडलं होतं, ते बघून कोण आठवलं होतं, यातलं एक अक्षर नाही. "आजीची चाल" एवढे दोन शब्द जरी त्या लिंकेशेजारी असते ना, तरी दहा सेकंदांत सापडली असती.

माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे, पण तुम्ही ॲप विचारलंय तर त्यावर बोलू.

हा प्रश्न मला सारखा येतो आणि त्यात एक गृहीत धरलेलं असतं, की कुठेतरी एक 'बरोबर' ॲप आहे, ते मिळालं की गाडी रुळावर येईल. या ॲपांचा इतिहास बघितलात तर अंगावर काटा येतो. गूगल रीडर, ज्याच्यावर अर्धं जग साईटी वाचायचं, 1 जुलै 2013 ला बंद. डिलिशस, लिंका साठवायचं मूळ पीठ म्हणावं असं, 2003 मध्ये सुरू झालं, 2005 मध्ये याहूने घेतलं, मग या हातातून त्या हातात विकलं गेलं आणि 2017 मध्ये पिनबोर्ड नावाच्या तशाच दुसऱ्या साईटने विकत घेऊन नवीन लिंका घेणं बंद केलं. स्टंबलअपॉन, ज्याचं एक बटण दाबलं की कुठल्यातरी भलत्याच पानावर नेऊन टाकायचं (काय मजा होती त्याची!), 2018 च्या जूनमध्ये गेलं. ऑम्निव्होर, 'नंतर वाचा' छापाचंच, 2024 च्या अखेरीस. पॉकेट, तेही त्याच छापाचं, 2007 पासून होतं, सुरुवातीला दुसऱ्या नावाने, 2017 मध्ये फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने घेतलं आणि 8 जुलै 2025 ला तेही बंद. यात कुणाची लबाडी नाही हो. फुकट सेवा, साठवणारा माणूस शांतपणे वाचत बसणारा, त्याच्याकडून पैसे मिळायचे कसे, मग कंपनी विकली जाते आणि नव्या मालकाचं लक्ष दुसरीकडे असतं. म्हणून मी आज तुम्हाला 'हे घ्या' म्हणून एक नाव सांगितलं तरी त्याला आयुष्य किती ते मला माहीत नाही.

त्यामुळे ॲप निवडताना मी एकच गोष्ट बघते, आपला माल बाहेर काढता येतो का, आणि काढल्यावर तो साध्या फाईलमध्ये दुसरीकडे वाचता येतो का. रेनड्रॉप चालेल, इन्स्टापेपर चालेल, थोडी तांत्रिक खटपट जमत असेल तर वॉलाबॅग आहे, अभ्यासाचं काही जमवत असाल तर झोटेरो उत्तम आणि फुकट. पण तुमच्या पत्रावरून मला वाटतं की तुम्हाला यातलं काही नको. फोनमधलं नोट्सचं जे काही ॲप असेल ते किंवा एक साधी डॉक्युमेंट फाईल, तीत सगळ्यात वर आजची तारीख टाकत जायचं आणि खाली लिहीत जायचं, बस. लिंका व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवायची सवय मोडायची गरज नाही, ती सगळ्यांनाच असते, 2022 मध्ये व्हॉट्सॲपने स्वतःलाच मेसेज करायची सोय दिली त्याआधी लोक एकट्याचा ग्रुप करून बसायचे. फक्त ते पायपुसणं समजा, घर नव्हे. रविवारी चहा घेताना तिथलं उचलून फाईलीत टाकायचं आणि जे उचलावंसं वाटलं नाही ते तिथेच राहू द्यायचं.

आता 'एक ओळ' म्हणजे काय ते तुमच्याच मालावरून दाखवते, नाहीतर हे फारच उपदेशासारखं वाटेल. समजा तो मुंबईचा नकाशा. त्याच्याखाली "छान नकाशा" लिहिलंत तर न लिहिल्यासारखंच आहे. पण जरा मोठा करून बघितलात आणि लिहिलंत, "माहीम आणि वांद्र्याच्या मध्ये नुसतं पाणी, कॉजवे नाही, म्हणजे 1845 च्या आधीचा असणार. मामीला दाखवायचा, ती माहीमची", तर तो नकाशा तुमचा झाला. शाईच्या लेखाखाली, "मायफळ आणि हिराकस. लिहिताना फिकी दिसते, मग हवा लागून काळी पडते, आणि वर्षानुवर्षांनी कागदच खाते! हिराकस आपल्याकडे अजून मिळतो का, जडीबुटीवाल्याला विचारायचं". बालशांवच्या रेसिपीखाली, "माडाचं व्हिनेगर सांगितलंय, साधं चालेल का?" अशा ओळी. व्याकरण गेलं उडत, शुद्धलेखन गेलं उडत, आणि मराठीत लिहा, लेख इंग्रजी असला तरी, कारण सहा महिन्यांनी शोधताना डोक्यात शब्द मराठीच येणार आहेत.

याला थोडा अभ्यासाचाही आधार आहे. लिंडा हेंकल नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एका संग्रहालयात विद्यार्थ्यांना फिरवलं, काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या आणि काहींचे फोटो काढायला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या, म्हणजे कॅमेऱ्याने घेतलंय ना, मग डोक्याने हात झटकले. पण ज्यांना वस्तूचा एखादाच भाग झूम करून फोटो काढायला लावला त्यांचं विसरणं असं वाढलं नाही. 2014 मध्ये छापून आलेला अभ्यास आहे. अशा एखाद्या प्रयोगावर फार इमले बांधू नयेत हे खरं, पण सेव्हचं बटण दाबल्या दाबल्या ती गोष्ट डोक्यातून जाते हा अनुभव तुमचा-माझा सगळ्यांचाच आहे, आणि ती ओळ लिहिणं म्हणजे तेच झूम करणं.

ओळ सुचलीच नाही तर? तर सेव्ह करू नका. खरंच. जे बघून आपल्याला एक वाक्य सुचत नाही ते बघून झालं, मजा आली, जाऊ दे त्याला.

पुढचा मुद्दा मेलेल्या लिंकांचा. तुम्हाला वाटतंय की ॲप बंद पडलं म्हणून त्या गेल्या, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही, ॲप जिवंत असतं तरी त्या मेल्याच असत्या. प्यू रिसर्च या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेने 2024 मध्ये मोजदाद केली तेव्हा 2013 मधली जी पानं त्यांनी तपासली त्यातली 38 टक्के दहा वर्षांत नाहीशी झालेली होती. साईट बंद होते, मालक डोमेनचे पैसे भरायचं विसरतो, वर्तमानपत्र नवीन वेबसाईट करतं आणि जुने पत्ते सगळे बदलतात, मराठी साईटींचं तर फॉन्ट बदलला म्हणून जुने लेख चौकोन चौकोन दिसायला लागले असंही झालेलं आहे. लिंक म्हणजे पत्ता, त्या पत्त्यावर कोण राहतंय याची जबाबदारी तिच्यावर नाही.

पण मेलेली प्रत्येक लिंक गेलेलीच असते असंही नाही. इंटरनेट आर्काइव्ह नावाची संस्था आहे, ब्रूस्टर केल यांनी 1996 मध्ये सुरू केलेली, त्यांचं वेबॅक मशीन जगभरच्या पानांच्या प्रती काढून ठेवतं, 2025 मध्ये त्यांनी एक लाख कोटी पानांचा आकडा ओलांडला. तुमची मेलेली लिंक कॉपी करा, तिथल्या चौकटीत टाका, कॅलेंडर येईल, त्यात ज्या तारखांवर गोल ठिपके असतील त्या दिवशीची प्रत तिथे आहे. सगळं मिळणार नाही, व्हिडिओ तर क्वचितच, पण लेख पुष्कळ मिळतात. तिथेच 'सेव्ह पेज नाऊ' अशी चौकट आहे, तीत आज जिवंत असलेली लिंक टाकली की तुम्ही सांगितलं म्हणून ते पान साठवलं जातं, तुमच्यासाठी आणि पुढे कुणालाही. मराठी पानांसाठी हे आवर्जून करा बरं का, कारण इंग्रजी साईटीची प्रत काढणारे शंभर जण असतात, कुणीतरी निवृत्त शिक्षकाने आपल्या गावच्या जत्रेवर लिहिलेल्या चार पानांची प्रत काढणारे कदाचित तुम्हीच. फक्त ही संस्थाही काही अमरपट्टा घेऊन आलेली नाही, 2024 च्या ऑक्टोबरमध्ये तिच्यावर सायबर हल्ला झाला आणि काही दिवस सगळंच बंद होतं. म्हणून ज्या गोष्टी खरोखर जीव की प्राण असतील, ओवीसारख्या, त्यांचं पान पीडीएफ करून स्वतःकडे ठेवा. अँड्रॉइडवर क्रोममध्ये शेअर, मग प्रिंट, मग सेव्ह ॲज पीडीएफ, झालं. अशा गोष्टी वर्षाला मूठभरच निघतात, हजारो निघायला लागल्या तर परत पहिल्यापासून पत्र लिहा.

मुलीच्या प्रश्नाकडे येते. "आई, हे वाचणार कधी?" यात असं धरलंय की साठवलेलं सगळं वाचायचं असतं, नाही वाचलं तर ती थकबाकी. तुम्ही दिवसभर पतसंस्थेत थकबाकीच बघता म्हणून तुम्हालाही ते पटलं असणार! पण दोन वेगवेगळ्या गोष्टी इथे एकाच पोत्यात गेल्यात. एक 'वाचायचंय' आणि दुसरी 'ठेवायचंय'. वाचायचं असतं ते शिळं होतं, आठ-पंधरा दिवसांत नाही वाचलं तर बहुतेक वेळा नाहीच वाचलं जात आणि त्याने काही बिघडत नाही. ठेवायचं असतं ते वाचून झालेलंच असतं, किंवा वाचायचं नसतंच, नुसतं असावं म्हणून असतं. पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, बघितलं नसेल तर नक्की बघा, तुम्ही तिथे रमाल. दिवे, अडकित्ते, दौती, कुलपं, पाय घासायच्या वज्री, एका माणसाने गावोगाव फिरून जमवलेलं सगळं. वीस हजारांच्या वर वस्तू आहेत आणि मांडलेल्या जेमतेम 2,500 च्या आसपास. बाकीच्या आत. म्हणून दिनकर केळकरांना कुणी थकबाकीदार म्हणत नाही. तर पंधरा दिवसांपेक्षा जुनं 'वाचायचंय' बिनधास्त पुसा, 'ठेवायचंय' ला एक ओळ लावा, आणि मुलीला सांगा वाचून झालंय.

उपयोगाचं म्हणाल तर मला त्या प्रश्नाचाच थोडा राग येतो, तुमच्यावर नाही, प्रश्नावर. कुणी सकाळी फिरायला जाऊन गुलमोहर बघून आला तर त्याला आपण उपयोग विचारत नाही, बाईमाणसाने रात्री तासभर स्वतःसाठी काढला की लगेच हिशेब. (आणि तो हिशेब मागणारा आवाज बऱ्याचदा आपलाच असतो, मिस्टरांचा नंतर.) पण तरीही, तुम्हाला स्वतःला जर ही हौस एकटी एकटी वाटत असेल तर तिला एक वाट करून द्या. आठवड्यात सापडलेली एक गोष्ट एका माणसाला पाठवायची. फॅमिली ग्रुपवर नाही! तिथे गुड मॉर्निंगच्या गुलाबांखाली ती चिरडली जाईल. नकाशा मामीला, रेसिपी मडगाव-पणजीकडचं कुणी ओळखीचं असेल त्याला, तुमची ती एक ओळ वर लिहून. आणि मूळ कुणाचं आहे ते नाव ठेवून पाठवा, कृपा करून. मराठीत चांगला मजकूर 'लेखक अज्ञात' होऊन फिरतो किंवा कुठल्यातरी मोठ्या लेखकाच्या नावावर खपवला जातो, त्याचं कारण पहिल्या पाच फॉरवर्डांमध्ये कुणीतरी खालची ओळ उडवली हे असतं.

मिस्टरांचं भंगार म्हणणं फार मनाला लावून घेऊ नका, ज्या माणसाकडे जुन्या रेडिओच्या वॉल्व्हचे आणि बटणांचे खोके आहेत त्याला भंगार म्हणजे काय हे तुमच्यापेक्षा जास्त कळतं आणि ते तो किती प्रेमाने म्हणतो तेही. रेडिओम्युझियम नावाची एक साईट आहे, जगभरच्या जुन्या रेडिओ मॉडेलांची नोंद, सर्किटच्या आकृत्या, फोटो. त्यांच्या एखाद्या रेडिओच्या मागच्या पत्र्यावरचा मॉडेल नंबर बघून तिथे शोधून द्या. रात्री साडेबाराला फोन बघायच्या सवयीबद्दल मात्र त्यांचं म्हणणं असेल तर ते वेगळं आणि त्यात त्यांची बाजू मला पटते, भटकायचंच तर साडेनऊला भटका.

आता तुमचं ते जाता जाता टाकलेलं वाक्य, की पूर्वीसारखं काही सापडत नाही. मला वाटतं पत्रातलं खरं दुखणं ते आहे आणि बाकीचं सगळं नंतरचं. तुम्ही लिहिलंय 'भटकते', पण वर्णन केलंय ते भटकण्याचं नाही, अंगठ्याने वर सरकवण्याचं आहे. तिथे तुम्ही कुलपवाल्या बाबाच्या व्हिडिओवर दहा सेकंद थांबलात की पुढचे पंधरा दिवस कुलपंच कुलपं. तुम्हाला काल जे आवडलं त्याच्याच प्रती समोर येत राहणार, ते यंत्र तेवढ्यासाठीच बनवलंय, त्याच्याकडून अचंबा मागण्यात अर्थ नाही.

मग उलटं करा. फोन उघडायच्या आधी दिवसातला एखादा प्रश्न घेऊन बसा, कितीही फालतू. तुम्ही पतसंस्थेत आहात ना, तर समजा असा प्रश्न, की शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कोल्हापुरात कर्ज कोण द्यायचं आणि व्याज किती घ्यायचं? मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रज सरकारने जिल्ह्याजिल्ह्याची माहिती छापली त्या ग्रंथमालेचा, 24 वा खंड कोल्हापूरचा आहे, 1886 चा, इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन करून फुकट ठेवलेला. त्यात 'कॅपिटल' नावाचं अख्खं प्रकरण आहे, सावकार कोण, व्याज कसं, गहाण काय ठेवायचे. इंग्रजी जुन्या वळणाचं आहे आणि साहेबाच्या नजरेने लिहिलेलं आहे, जातींबद्दल तर फारच तोंड सोडलंय, ते चिमटीत धरून वाचायचं. पण एका पानावरून दुसऱ्यावर जाता जाता कुठल्या कुठे पोचाल. किंवा शिकागो विद्यापीठाच्या साईटवर मोल्सवर्थचा 1857 चा मराठी कोश आहे, दात्यांचा शब्दकोश आहे, एका शब्दासाठी जायचं आणि आजूबाजूचे दहा वाचून यायचं. डेव्हिड रम्सी यांच्या नकाशांच्या संग्रहात एक लाखाहून जास्त नकाशे नेटवर आहेत, खूप मोठे करून बघता येतात. रेडिओ गार्डन उघडलं की पृथ्वीचा गोल येतो आणि बोट ठेवाल त्या गावातला रेडिओ लागतो, कपडे घड्या घालताना लावून बघा. विकिपीडियावर लेख वाचून झाला की खालच्या संदर्भांमध्ये उतरायचं, वर नाही, खरा माल तळाला असतो.

आणि विषयांच्या मागे जाण्यापेक्षा माणसांच्या मागे जा. शाईवरचा तो लेख आवडला ना, मग तो कुणी लिहिलाय बघा, त्या माणसाने अजून काय काय लिहिलंय बघा, त्याला काय आवडतं तेही बघा. चार-पाच अशी माणसं सापडली की फीडची गरजच उरत नाही. त्यांच्या साईटी आरएसएस रीडरमध्ये, म्हणजे निवडलेल्या साईटींवरचं नवीन तेवढं एका जागी दाखवणाऱ्या ॲपमध्ये, टाकून ठेवा, फीडली किंवा इनोरीडर काहीही, नवीन काही आलं तर दिसेल, नाही आलं तर पान कोरं. कोरं पान दिसणं ही केवढी चैन आहे ते आठवडाभरात कळेल.

राहिला जुना ढीग. डिलीट करू नका, आवरूही नका! आवरायला बसलात तर दोन रविवार उत्साह टिकेल आणि मग अपराधी वाटायला नवीन कारण मिळेल. त्याऐवजी फोन बाजूला ठेवा, कागद घ्या आणि काहीही न उघडता आठवेल ते लिहा, ओवी, शाई, तो नकाशा, अजून जे काय येईल ते. दहा येतील, वीस येतील. तेवढ्याच शोधून काढा, लागल्या तर वेबॅकवरून, आणि ओळ लिहून नव्या फाईलीत आणा. बाकीची ती यादी, बुकमार्कांची एक्सपोर्ट केलेली फाईल, स्क्रीनशॉट, हे सगळं एका फोल्डरमध्ये टाकून त्यावर वर्ष लिहा आणि विसरून जा. स्क्रीनशॉटांमुळे गूगलची फुकटची 15 जीबी भरत आली असेल तर ते तेवढे पेनड्राईव्हवर हलवा.

हीच तक्रार घेऊन येणाऱ्या बाकीच्यांसाठी, विशेषतः ज्यांचं सगळंच रीलमध्ये आणि यूट्यूबमध्ये आहे त्यांच्यासाठी थोडं वेगळं. तिथे तुमच्याकडे खरं तर काहीच नसतं, समोरच्याने अकाउंट बंद केलं, प्रायव्हेट केलं, व्हिडिओ काढला की तुमच्या यादीतून ते गेलं, आणि यूट्यूब तर जाताना त्याचं नावही सांगत नाही, नुसतं 'अनुपलब्ध' लिहून राखाडी चौकोन ठेवतं, म्हणजे काय गेलं याचा शोकही करता येत नाही. म्हणून व्हिडिओ आवडला तर चॅनेलचं नाव, व्हिडिओचं नाव आणि त्यात काय सांगितलं ते दोन ओळींत लगेच लिहून ठेवा. रेसिपी असेल तर प्रमाणं लिहा, शिवणाचं काही असेल तर मापं, औषधाचं घरगुती काही असेल तर शक्यतो लिहूच नका आणि डॉक्टरांना विचारा.